उस्तादाची पाठ

जुरांदिर आमच्या टेकडीवर नळदुरुस्ती करतो. कार्निव्हलच्या दिवसांत मात्र तो सांबा मंडळाच्या दोनशे ढोलकऱ्यांचा उस्ताद असतो. त्या गदारोळात बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार शिट्टीवर आणि बोटांवर. त्याने मूठ वर केली की पहिल्या रांगेतली वांदेका आपल्या लहान ढोलावर इशारा वाजवते, सगळे ढोल एकदम थांबतात, आणि तेवढा वेळ गाणं रस्त्यावरच्या लोकांनी पेलायचं. लोक गप्प राहिले तर फजिती.

गेल्या वर्षी आम्ही बसवलेलं हे थांबणं पलीकडच्या टेकडीवरच्या मंडळाने आमच्याआधी करून दाखवलं; आमच्यातल्याच कुणीतरी फोडलं असणार. तेव्हापासून जुरांदिरचा कुणावर विश्वास उरला नाही. खुणासुद्धा टोपीआडून करायचा.

अकरा जानेवारीला तो माझा नळ बसवायला आला.

"दोना ओताविया, तुमच्या खिडकीतून जिना दिसतो. वांदेकावर जरा नजर ठेवा. रस्त्यावरच्या सरावात तिचं लक्ष माझ्या हातावर नसतंच. माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत असते."

"अरे, तुझ्या हाताखाली लहानाची मोठी झाली ती."

"म्हणूनच. तिला सगळं ठाऊक आहे."

मी नजर ठेवली. सोळा तारखेला, पाच वाजून दहा मिनिटांनी, वांदेका जिन्यावर एका पांढऱ्या शर्टवाल्याला बोटांनी खुणा करत होती. तोही करत होता. तोंडातून शब्द नाही. मी पाहिलं तसं जुरांदिरला सांगितलं. सांगून बरं वाटलं नाही.

"रविवारी तिचा ढोल काढून घेतो," तो म्हणाला. वांदेकाकडे तो ढोल अकराव्या वर्षापासून होता.

रविवारी सरावाला रस्ता भरला. जुरांदिरने मूठ वर केली. वांदेकाने इशारा वाजवलाच नाही. पुन्हा मूठ. पुन्हा तेच. त्याने शिट्टी फुंकून सगळं बंद केलं आणि तिच्या ढोलाचा पट्टा धरला.

"कुणाला विकलंस आम्हाला?"

"काय बोलताय, उस्ताद! आधी मागे वळून बघा. कुणी गात होतं का?"

ढोलकऱ्यांकडे तोंड म्हणजे लोकांकडे पाठ. इतकी वर्षं तो तसाच उभा राहिला होता. त्याने वळून पाहिलं. लोक बिअर पीत गप्पा मारत होते.

"तुझ्या जागेवरून लांबचं काय दिसतं?"

तिने वर जिन्याच्या कठड्याकडे बोट केलं. तिथे तो पांढरा शर्ट होता. "माझा मावसभाऊ, एदेसियो. जन्मापासून बहिरा आहे, पण लोकांची तोंडं हलतात की नाही ते त्याला पार कोपऱ्यापर्यंत दिसतं. त्याने हात केला की मी वाजवते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हल्ली कुणाचं ऐकून घेता का?"

त्याने पट्टा सोडला. पुढच्या वेळी वरून एदेसियोने दोन्ही हात उंचावले, वांदेकाने मान हलवली, मग उस्तादाची मूठ, मग तिचा ढोल. सगळे ढोल थांबले आणि रस्ता गात राहिला.

सराव संपल्यावर जुरांदिर माझ्याबरोबर जिना चढला. "हा बहिरा राहतो कुठे? काम कुठे करतो?"

पुढच्या रविवारी वांदेका तिच्या जागी होती. एदेसियोला मात्र त्याने कठड्यावरून उतरवून ढोलांच्या मागे शिडीवर उभं केलं, स्वतःच्या अगदी नजरेसमोर. त्याची खूण दिसावी म्हणून की त्याच्यावर पाळत राहावी म्हणून, ते मी विचारलं नाही.