तंदुरुस्तीच्या अटीवर

आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नव्हती. दांडेलीकडच्या गुंद गावाच्या पुढं जंगलात आमची चार घरं, वाट्याला भाताच्या दोन पट्ट्या, त्यातलं निम्मं गवे आणि डुकरं खाणार. उरलेलं वर्ष बाबा बांबू तोडायला जायचे. सकाळी मुकादम नाक्यावर उभा राहून माणसं निवडायचा आणि त्याची नजर आधी कमरेवर जायची. जो वाकून चालतोय, जो कमरेवर हात ठेवून उभा आहे, तो मागं राहायचा. म्हणून बाबा घरातून निघताना कण्हायचे आणि नाक्यावर पोचले की ताठ. "दुखतंय म्हणून सांगिटलं की उद्या नाव न्हाई," हे त्यांनी आम्हा दोघा भावंडांना सारखं सांगितलं. आम्ही ते पाठ केलं. माझा थोरला भाऊ, सोमादादा, त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाठ केलं... त्याला जाऊन आता सव्वा महिना झाला. वय चौतीस.

काही वाचकांना त्याचं नाव आठवत असेल. 'गवे हाकणारा वेगवान गोलंदाज' अशी बातमी तेव्हा छापून आली होती. त्यातलं बरंच खोटं होतं. गव्यांना दगड मारून कुणी गोलंदाज होत नाही; होत असता तर आमच्या तालुक्यानं दहा-बारा संघ दिले असते. दादा गोलंदाज झाला तो आमच्या अंगणात. रोज फणसापासून धावत यायचा आणि समोर टेकवलेल्या फळीवर कॉर्कचा चेंडू मारायचा. चेंडू आणून द्यायला मी. त्याचा डावा पाय जिथं आपटायचा तिथं सारवलेल्या जमिनीत खड्डा पडला. आई रोज बुजवायची, तो रोज पाडायचा.

"एक दिवस ह्या खड्ड्यात मीच गडप होनार हाय," आई म्हणायची.

"व्हय, पण पाय टेकायची जागा तेवढी सोड," दादा म्हणायचा.

रामनगरला टेनिस बॉलच्या स्पर्धा व्हायच्या. गोव्याकडे निघालेले ट्रकवाले गाड्या बाजूला लावून त्याचं षटक संपेपर्यंत थांबायचे. तिथून एका पीटीच्या सरांनी त्याला बेळगावला नेलं, आणि पुढं तो राज्याच्या संघात गेला. त्याच सुमारास त्यानं मला दांडेलीला कॉलेजात घातलं. बाबांना नको होतं. दादा म्हणाला, "आपल्यात एक तरी कागद वाचनारं पायजे. न्हाईतर सही कशावर केली ते मेल्यावर कळायचं." मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. हे मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढं जे झालं त्यात या शिकण्याचा वाटा आहे.

दादाचे सगळे फॉर्म मी भरायची. दर मोसमाआधी तंदुरुस्तीचा एक फॉर्म यायचा. पाठ, खांदा, गुडघा, कुठं दुखणं आहे का? "न्हाई लिव, बी.ए. बाई," तो म्हणायचा. मी तसं लिहायची, आणि पहिली काही वर्षं ते खरं होतं. मग एका गणपतीला तो घरी आला आणि देवापुढं वाकताना त्यानं एका हातानं खांब धरला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं. पुढच्या फॉर्मवरही मी 'नाही'च लिहिलं. रामनगरच्या दुकानातून दुखणं मारायच्या गोळ्या मीच आणून द्यायची. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद मला वाचता येत होता. मी तो घडी करून परत आत सारायची. असं दोन वर्षं चाललं.

कसोटी मालिकेचा संघ जाहीर झाला त्या दिवशी मी रामनगरच्या बसस्टँडवर होते. शिकवायला लागून मला वर्ष झालं होतं. चहाच्या टपरीवाल्यानं मोबाईल डोळ्यांपुढं धरून नावं ओरडून वाचली. शेवटून दुसरं नाव दादाचं! पुढं कंसात दोन शब्द होते... तंदुरुस्तीच्या अटीवर. "कंसातलं सोडा हो मॅडम," टपरीवाला म्हणाला, "कंसातलं वाचत बसलो तर लग्नं जमायची न्हाईत." सगळे हसले. मीही हसले.

शिबिराला जाण्याआधी दादा एका दिवसासाठी घरी आला. दारात बॅग खाली ठेवली आणि ती त्याला परत उचलता येईना. मी उचलली. बाबा बघत होते. ते कोयता घेऊन रानात गेले आणि बिब्बे घेऊन आले. आमच्याकडे कमरेवर हाच इलाज. बिब्बा दिव्यावर धरायचा, त्याचं काळं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं आणि दुखऱ्या जागी फुल्या ओढायच्या. बाबांच्या पाठीवर अशा फुल्यांच्या रांगा आहेत. सदऱ्याखालच्या त्या रांगा मुकादमाला कधी दिसल्या नाहीत. दुपारी दादा ओसरीवर पालथा झोपला. दिवा माझ्या हातात होता.

"बाबा, तिथं डॉक्टर असत्यात. ते बघतील की," मी म्हणाले.

"शर्ट काढून खेळत्यात काय तिथं?" बाबा म्हणाले.

"हसवू नका बाबा, दुखतंय," दादा म्हणाला.

उभ्या जन्मात हा शब्द त्याच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

बिब्बा उतला. शिबिरात त्याच्या पाठीवर फोड आले. तरी धावण्याची चाचणी तो पास झाला, सलग षटकं टाकण्याचीही झाला. चौथ्या दिवशी संघाच्या फिजिओनं त्याला शर्ट वर करायला सांगितलं. दादानं सांगितलं, रानातल्या झाडाचा चीक लागलाय. एका अर्थी खरंच होतं ते. पण झाडाचा चीक काही ओळीनं फुल्या काढत नाही. त्या माणसानं घरचा नंबर मागितला. घरचा नंबर म्हणजे माझा.

मी वर्गाच्या दारात उभी राहून फोन घेतला. तो इंग्रजीत बोलत होता, सावकाश, मला समजावं म्हणून. म्हणाला, हाडाला भेग असेल आणि सामन्यात ती वाढली, तर तुमचा भाऊ पुढं नीट चालूही शकणार नाही. पाठ कधीपासून दुखते, एवढंच खरं सांगा. 'दुखत नाही' म्हणणं किती सोपं होतं! इतक्या फॉर्मांवर मी तेच लिहिलेलं. पण लिहून खोटं बोलायला मला जमायचं. कुणी हळू आवाजात विचारल्यावर जमलं नाही. मी म्हणाले, दोन वर्षं.

त्याच दिवशी त्याच्या पाठीची तपासणी झाली. मणक्याला दोन्ही बाजूंनी भेगा. दुसऱ्या दिवशी यादीत त्याच्या जागी दुसरं नाव आलं.

दादा बसनं घरी आला. ओसरीवर बसला, आईनं चहा दिला. आई-बाबा आत गेल्यावर त्यानं विचारलं, "तू सांगिटलंस न्हवं?"

"व्हय."

त्यानं कप तळापर्यंत संपवला. "बरं केलंस," म्हणाला, आणि बॅग घेऊन आत गेला.

त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. पण बरं वाटल्याचंही काही नव्हतं. ते दोन शब्द मी आठ वर्षं उलटे-सुलटे करून बघितले. आता विचारायला तो नाही.

डॉक्टरांनी सहा महिने चेंडूला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात फणसापाशी त्याच्या पावलांचा आवाज यायला लागला. गोळ्या आता तो माझ्याकडून मागवत नव्हता, कुणाकुणाला सांगून आणवायचा. "पुढच्या मालिकेला बघ," म्हणायचा. पुढची मालिका आली, तिच्या पुढची आली. वेग गेला, मग राज्याचा संघही गेला. मग पायांना सूज आली. बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती वर्षं घेताय? या वेळीही मीच सांगितलं... पण किडन्या तोवर गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिसला बेळगावच्या बसमध्ये बसायचो. वाटेत कुठं मुलं खेळताना दिसली की तो तोंड दुसऱ्या बाजूला फिरवायचा.

शेवटच्या सकाळी नर्सनं विचारलं, "दुखतंय का हो कुठं?"

"न्हाई," दादा म्हणाला.

मी शेजारीच बसले होते. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो किती घट्ट धरलाय ते मला कळत होतं. मी काही बोलले नाही. दुपारी तो गेला.

त्या फोनच्या दोन वर्षं आधीच फॉर्मवर 'हो' लिहिलं असतं, तर एखादा मोसम गेला असता आणि माणूस राहिला असता. सांगायचंच नव्हतं, तर फोनवरही सांगायला नको होतं. निदान एक कसोटी तरी खेळला असता. मी खोटं बोलले तेही चुकीच्या वेळी आणि खरं बोलले तेही. लोक म्हणतात, स्वतःला त्रास करून घेऊ नका मॅडम. त्यांचं बोलणं मी ऐकून घेते.

बाबांना वाटतं, त्यांच्यामुळं झालं. "माझाच बिब्बा उतला," म्हणतात, "न्हाईतर कुणाला कळलं असतं?" फोनचं त्यांना ठाऊक नाही. दादानं सांगितलं नाही, मीही नाही. आई आता अंगण सारवते तेव्हा हात खड्ड्याच्या कडेपर्यंत आणते आणि वळसा घालून पुढं जाते. एवढी वर्षं बुजवत आली, आता बुजवत नाही. दादाचं डावं पाऊल अजून त्यात नेमकं बसेल एवढा तो खोल आहे.

हा लेख छापून येईल तेव्हा दोघंही म्हणतील, वाचून दाखव. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच. फोनचं येईल तिथंही मी थांबणार नाही. त्या खड्ड्याशेजारी बसून सगळं वाचीन.

माझा दादा नऊ दिवस कसोटी संघात होता. आमच्या रानातून तिथवर दुसरं कुणी गेलेलं नाही.