मागच्या गादीवरची पेटी

मोटारसायकल मी विकली त्याला बरीच वर्षं झाली. तिचा भोंगा मात्र परवापरवापर्यंत आमच्या पडवीत खुंटीला टांगलेला होता. रबरी फुगा उंदरांनी कधीच खाल्ला, पितळ तेवढं शाबूत. येताजाता तो डोक्याला लागायचा आणि दर वेळी मी मनाशी म्हणायचो, आज सांगून टाकू. गेल्या आठवड्यात सांगितलं. जिला सांगायचं होतं तिला सांगून झालं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

रेवदंड्याला आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि मी शाळेत मास्तर. गाडी घेतली ती बांधकामावर आलेल्या एका पारशी कंत्राटदाराकडून, तो काम आटपून परत निघाला तेव्हा. साडेतीन हॉर्सपॉवरची. फार दांडगी नाही, फार किरकोळ नाही. दोन माणसं आणि थोडं सामान सहज ओढेल अशी. घेतानाच बायकोला म्हटलं होतं, तुला हिच्यावरून पालीला नेईन. पाली तिचं माहेर. तिची आई त्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळली होती आणि सारखे निरोप येत होते, एकदा लेक दाखवा. एरवी जायचं तर भरतीच्या पाण्यावर मचव्याने रोह्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने. दोन दिवस मोडत. मी म्हटलं, अर्ध्या दिवसात पोचवतो. ती त्याच दुपारी सावरीचा कापूस घेऊन बसली आणि मागे बसायला गादी शिवली. जाड मांजरपाटाची, चारी कोपऱ्यांना बांधायचे बंद.

पाऊस उघडला की निघायचं ठरलं होतं. पाऊस उघडला आणि मी गाडीची तयारी काढली.

लांबचा रस्ता, तयारी हवीच. कुणालाही पटेल असं बोलणं. आधी लोहाराकडून मागच्या चाकावर लोखंडी कॅरिअर करून घेतला, त्याच्यावरच ती गादी बसायची होती. मग वाटलं, वाटेत पेट्रोल मिळणार नाही, म्हणून डबा अडकवायला बाजूला पट्ट्या. मग हत्यारांचा डबा, हवेचा पंप, ट्यूबची ठिगळं. मग मुंबईहून मागवलेला कार्बाईडचा दिवा. कार्बाईडवर थेंबथेंब पाणी पडून वायू व्हायचा आणि तो जळायचा. तो आला तेव्हा बायकोने विचारलं, ‘अर्ध्या दिवसाची वाट ना? मग दिवा कशाला?’ मी म्हटलं, प्रवासात काही सांगता येत नाही. मग शिडं शिवणाऱ्या एका कोळ्याकडून शिडाच्या कापडाच्या दोन थैल्या करून घेतल्या. पाणी लागू नये म्हणून त्याने त्यांना होडीला चोपडतात ते माशाचं तेल चोपडून दिलं. त्या वासाने घरात दोन वेळा कुणाला जेवण गेलं नाही. लोहार तर म्हणालाच, ‘मास्तर, आता होडीचा नांगर तेवढा ऱ्हायला. त्यो पण टांगू काय?’

दिवाळी गेली. मी रोज संध्याकाळी एखादा नट सोडवायचो आणि पुन्हा आवळायचो. झोप लागायची नाही. एका जागी बसवायचं नाही.

खरं कारण मला पहिल्यापासून ठाऊक होतं. नऊवारी नेसलेली बायको मागे बसवून भर बाजारातून, शाळेच्या दारावरून जायचं. तिने धरायचं ते माझ्या खांद्याला. एकदा सोनाराच्या दुकानापाशी कुणीतरी म्हणालं होतं, आता मास्तर राणीसाहेबांना घेऊन स्वारीवर निघणार. तेवढंच. तेवढ्याने माझी हिंमत गेली. मुलींना शाळेत पाठवा म्हणून मी याच लोकांच्या घरोघर फिरत होतो.

मार्गशीर्षात निरोप आला, म्हातारीने अन्न सोडलंय. बायको म्हणाली, उद्या निघू. मी म्हटलं, कॅरिअर माणसाचं वजन घेईल की नाही, माझी खात्री होत नाही. तू मचव्याने ये, मी पेटी घेऊन पुढे होतो, तुला सामानाचा जाच नको.

‘पेटीचं वजन घेतो ना?’ तिने विचारलं.

‘पेटी बांधता येते,’ मी म्हटलं.

पहाटेच्या भरतीला ती गावातल्या एका म्हातारीच्या सोबतीने मचव्यात बसली. ऊन आल्यावर मी तिची पत्र्याची पेटी कॅरिअरवर चढवली. रंग खरवडू नये म्हणून खाली तिनेच शिवलेली गादी घातली आणि सुंभाने करकचून आवळलं. कच्चा रस्ता, दगडगोटे, शेवटी अंबा नदीचा उतार. पण एक पट्टी ढिली झाली नाही की पेट्रोलचा एक थेंब सांडला नाही. खोटं कशाला सांगू, मी वाटेत गात होतो.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. सासरी गेलेल्या मुलीची पेटी तिच्याबरोबर माहेरी येते आणि तिच्याबरोबरच परत जाते. पेटी एकटी येते ती एकदाच. मुलगी सासरी वारली की दिवस झाल्यावर जावई तिची लुगडी पेटीत घालून आणून देतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या बहिणीची पेटी आमच्या ओटीवर अशीच आली होती. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात कॅरिअरशिवाय काही नव्हतं.

सासूबाई माजघरात निजल्या होत्या. मेहुणा वैद्याकडे गेला होता. मी पेटी खांद्यावरून आणून त्यांच्या उशाशी ठेवली.

‘एकटेच आलात?’ त्यांनी विचारलं.

‘हो,’ म्हटलं आणि बाहेर पळालो, कारण अंगणात माणसं जमली होती आणि कुणीतरी दिव्याची काच फिरवत होतं. मी त्यांना पेट्रोलचा डबा दाखवला, थैल्या दाखवल्या. बराच वेळ दाखवत होतो. आत आलो तर शेजारची बाई पदर तोंडाला लावून उभी, आणि म्हातारीचा हात पेटीच्या झाकणावर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी खाली बसून सांगितलं, ती येतेय, मचव्याने येतेय, उद्या दुपारी इथे असेल. त्यांनी माझ्याकडे मायेनेच पाहिलं.

‘असंच सांगतात, जावईबापू,’ त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

त्यानंतर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मेहुणा आला, त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, ‘ती एव्हाना रोह्याला उतरली असेल. गाडी आहे तुमच्यापाशी, घेऊन या. आई तिला बघेल.’

रोहा काही लांब नव्हतं. अंधार पडायला आला होता, पण दिवा होता. तिला शोधून, रात्रीचं जपून परत येईतो पहाट झाली असती. मला दिसली ती पहाटेची पाली: देवळाशी काकड आरतीला जमलेली माणसं, आणि त्यांच्यासमोरून मला धरून बसलेली ती. मी म्हणालो, दिव्यातलं कार्बाईड संपलंय. कार्बाईडचा भरलेला डबा शिडाच्या थैलीत, मेहुण्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

सकाळी म्हातारी गेली. बैलगाडी दुपारी आली.

बायकोने मला एकच विचारलं होतं, आईने माझी आठवण काढली का. मी हो म्हटलं. ते खरंच होतं. बाकीचं मेहुण्याने तिला सांगितलं नाही. माझी लाज राखली असेल, नाहीतर तिचं दुःख. आता तोही नाही.

गेल्या आठवड्यात ती पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. भोंगा पुन्हा डोक्याला लागला आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. राणीसाहेबांपासून कार्बाईडपर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, ‘पेटीवर एक ओरखडा नव्हता. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.’

‘खाली गादी होती,’ मी म्हटलं. ‘तू शिवलेली.’

ती उठली, खुंटीवरून भोंगा काढला आणि माझ्या हातात दिला. ‘टाकून द्या कुठेतरी. माझ्याही डोक्याला लागतो.’

तेव्हापासून ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. चहा आणून देते, वाडीतलं काय काय विचारते. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहतो, आता बोलेल, मग बोलेल म्हणून. भोंगा अजून टाकलेला नाही.