दुसरं पुस्तक

"दोन पुस्तकांत आहे का? नसेल तर फळ्यावर नाही."

खडूचं टोक अंगठ्याने पुसत काका हे म्हणायचे. मुलुंडच्या आपल्या वाचनालयात सकाळी येणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकलं असेल.

दाराशेजारच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष ते लिहीत. जन्म, मृत्यू, घटना, एकाखाली एक. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस एका तहाची तारीख पडताळायला माझ्याकडून चार खंड काढून घ्यायचा आणि वर सांगायचा, "बाई, मेलेल्याला चुकीच्या दिवशी मारू नये. त्याला तक्रार करता येत नाही."

एकदा अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, "काका, आज वडापाव दिवस आहे. लिहा ना."

"कुठल्या पुस्तकात?"

"मोबाईलवर आहे की."

"मोबाईल म्हणजे पुस्तक नव्हे."

मुलगी हट्टी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती स्पर्धा परीक्षेचं एक मार्गदर्शक आणि एक जुना दिवाळी अंक घेऊन हजर. काकांनी भिंग लावून दोन्ही पानं वाचली.

"अंक चालतो ना, काका?"

त्यांनी मुखपृष्ठ उलटून अंकाचं वर्ष पाहिलं. मग म्हणाले, "छापलाय, तारीख आहे. चालतो."

घटनांमध्ये, एका किल्ल्याचा वेढा आणि एका जहाजाची पहिली सफर यांच्या मधे, त्यांनी तितक्याच गंभीर अक्षरात लिहिलं: वडापाव दिवस. आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. "लिहिलं म्हणजे पाळायला नको?" मिरची बाजूला काढून स्वतःही खाल्ला. हात धुतल्याशिवाय मात्र कोणाला पुस्तकाला शिवू दिलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी तसंच. आदल्या दिवशी गाडीवर सांगून ठेवायचे.

गेल्या वर्षी त्या दिवशी फळ्यावर कालचीच तारीख राहिली. दहाच्या सुमारास त्यांच्या लेकीचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता गेले. मी मुलांना ते सांगत होते, तेवढ्यात गाडीवरून पार्सल आलं. गरम होतं. कोणी हात लावेना. शेवटी त्याच मुलीने पुडकं सोडलं.

"काकांनी सांगून ठेवलेत. गार नका करू," म्हणाली.

आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले.

फळा आता मी लिहिते. यंदा तो दिवस आला तेव्हा ती म्हणाली, "बाई, मृत्यूमध्ये काकांचं नाव घाला ना."

"दोन पुस्तकं लागतात गं," मी म्हणाले.

एक होतं. सभासदांच्या नोंदवहीत, त्यांच्या नावापुढे, माझ्याच हस्ताक्षरात ती तारीख आहे. दुसरं नव्हतं. मी एका ओळीची जागा कोरी सोडली आणि खाली वडापाव दिवस लिहिला.

म्हणून वाचनालयाच्या या वार्षिक अंकात हे लिहिते आहे. आपला फळा लिहिणारे काका गेल्या वर्षी, वडापाव दिवशी, सकाळी गेले. अंक चालतो, हे त्यांनीच ठरवून दिलं आहे.