डाव्या डोळ्यातली रेखा

मी डी.एड. झालेली बाई आहे. रस्त्यात कुणी लिंबू उतरवून टाकलं असलं तरी खुशाल ओलांडून जाते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय.

आम्ही पाथरीचे. माझ्या मिस्टरांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मी त्यांची दुसरी बायको. पहिली, रेखा, दहा वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली — लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्हाला मूल नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हे डावा डोळा चोळतच उठले. "खालचं काहीच दिसंना गं." दुखणं नाही, लाली नाही. चार-दोन दिवसांत अख्खा डोळा गेला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, "डोळ्यामागच्या नसेला रक्त कमी पडलं. गेलेली नजर परत येणं अवघड. बीपी-शुगर सांभाळा, नाहीतर दुसऱ्यालाही धोका आहे."

त्यानंतर हे जेवण झालं की ओसरीवर बसायचे, चांगला डोळा तळहातानं झाकून घ्यायचे आणि हसायचे. तसं हसू मला आमच्या संसारात कधी मिळालं नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं.

"रेखा दिसायलीय," म्हणाले. "उभी हाय नुसती. बोलत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? डॉक्टर म्हणाले, नजर गेली की मेंदू कधीकधी आपणच चित्रं दाखवतो, घाबरू नका. ठीक आहे... पण मेंदूच दाखवतो, तर माझं चित्र का नाही? मी मुद्दाम नवी साडी नेसून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसायची. हे माझ्या आरपार तिच्याकडे बघायचे!

एक दिवस म्हणाले, "आज तिच्यासंग पोरगी हाय. आठ-नऊ वर्साची. पदर धरून उभी हाय."

पुढच्याच आठवड्यात रेखाची आई राणीसावरगावहून जावयाला बघायला आली. चहा देताना मला राहवलं नाही. "तुमची लेक रोज येते यांच्या डोळ्यात. आता तर पोरगीपण घेऊन येते."

म्हातारीनं कप खाली ठेवला. "पोरगी?" म्हणाली आणि रडायलाच लागली. "तिला दिवस गेले व्हते गं बाई. मला एकलीलाच बोलली व्हती. त्यांना दसऱ्याला सांगते म्हनली... आन् तापच आला. म्या कुनालाच सांगितलं न्हाई. एका मरणात दोन मरणं कशाला सांगायची?"

मिस्टर दारातच उभे होते. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. तिथंच चांगला डोळा तळहातानं झाकून घेतला.

पुढच्या तपासणीला मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, बीपीची गोळी बदलून दिली.

रेखाचा हेवा एकवेळ गिळला असता. पण ती पोरगी... तिचा नाही गिळता येत. यांची गोळी, कमी मिठाचं वरण, दर महिन्याची तपासणी — मी एक दिवस चुकू देत नाही. लोक म्हणतात, किती करते नवऱ्याचं!

उजव्या डोळ्याला अजून मी दिसते. तो गेला तर मी यांना कुठे दिसणार?