प्रमाणपत्र बायकोचं, रिमोट नवऱ्याच्या हातात

ती घटना मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती आजही आठवते. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, द्रुतगती मार्गावरचे अपघात तर मोजलेच नाहीत. त्यातलं बरंचसं पुसून गेलं. कर्जत तालुक्यातल्या एका भाताच्या खाचरात झालेला हा मृत्यू मात्र निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. नावं कुणाचीच देणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

सप्टेंबरचे दिवस होते. दुपारी उपजिल्हा रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. डोंगराखालच्या आदिवासी वाडीवरची तिशीतली एक बाई मजुरीला गेली होती, बांधावरून घसरून विळ्यावर पडली आणि दवाखान्यात आणेपर्यंत मयत झाली. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. पावसाळ्यात असे मृत्यू येतात. हवालदार जातो, पंचनामा करतो आणि कागद पुढे सरकतो. हाही सरकला असता.

चारच्या सुमारास दहिवलीचे एक टेंपोवाले चाचा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. साठीचा, भिडस्त माणूस. बसा म्हटलं तरी बसेनात. त्या बाईला दवाखान्यात यांच्याच टेंपोतून आणलं होतं.

"साहेब, इळ्याचा घाव मी बघितलाय. येक असतो. तिच्या मानेवर तीन व्हते, एकासारखे एक."

"तुम्ही शेतात होतात का?"

"नाय. मला शेतावरच्या मानसांनी मागनं बोलावलं. बाईला ठेवलं आनि तिच्या बाजूला ताडपत्रीत बांधून फवारणीचं ड्रोन ठेवलं. त्याचं पातं मोडलेलं. इचारलं तर म्हनाले, चाचा, तुमी गाडी चालवा. ड्रोन त्यांनी वाटेत उतरवून घेतलं." मग मान खाली घालून म्हणाले, "गाडी धुवायला घेतली व्हती, साहेब. पानी ओतायचं धाडस झालं नाय. तशीच आणलीय, तुमी बघून घ्या."

टेंपोचा पंचनामा करून आम्ही शेत गाठलं. शेत मुंबईच्या एका फार्महाऊसवाल्याचं. सलग आठ-दहा खाचरं, भात कमरेइतकं आणि पलीकडचा बांध वळणामागे गेलेला. अलीकडून तो दिसतच नाही. त्या बांधावर रक्त होतं आणि रक्ताशेजारी खताच्या गोणीचं पांढरं फडकं बांधलेली बांबूची काठी पडली होती. विळा कुठेच नव्हता. काठी जप्त केली, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

फवारणीचं कंत्राट कुंभिवलीजवळच्या गावातल्या एका जोडप्याचं होतं. घरात शिरल्याशिरल्या समोर देवांच्या शेजारी काचेच्या चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र दिसलं. ते बायकोच्या नावाचं होतं. पैसे घेऊन असं ड्रोन उडवायचं तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी दहावी पास असावं लागतं, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, विमा लागतो. नवऱ्याने शाळा आठवीतच सोडलेली. बायको दहावी पास होती, बचत गटातून तिला प्रशिक्षण मिळालं. गावात मात्र 'ड्रोनवाला' म्हणून ओळखला जायचा नवराच.

मी काही विचारण्याआधीच ती पुढे झाली. "मीच उडवत होते, साहेब. चूक माझी हाय." तिने फाईल माझ्या हातात दिली. प्रमाणपत्राची प्रत, नोंदणी, विमा सगळं ओळीने लावलेलं. मयत बाईसोबत कामाला असलेल्या तिघी मजूर बायकांनीही आपापल्या जबाबात एकच वाक्य सांगितलं, "वहिनी उडवत व्हती." तिघींचे शब्द सारखे आले की पोलिसाचा कान टवकारतो. प्रश्नाआधी आलेल्या उत्तराचंही तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर थांबवायचं नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवून. सोबत महिला हवालदार लिहायला बसली. मी गुन्ह्याचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. उडवण्याआधी काय काय करता ते सांगा."

आदल्या दिवशी पडेल आवाजात बोलणारी ती बाई खुर्चीत सरळ बसली. बॅटरी कशी तपासायची, वारा कसा बघायचा, सगळं शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगू लागली.

"आनि शेतात किंवा शेताच्या कडेला मानूस नको. पहिल्याच दिवशी शिकवलं आमाला. मानूस दिसला तर मोटारच चालू करायची नाय."

"मग शेत कुठं संपतं हे कसं कळतं?"

"रिमोट हातात घेऊन आधी बांधानं चालून यायचं. कोपऱ्या-कोपऱ्यावर खूण करायची. मग ते हद्दीबाहेर जात नाय."

"तसं असेल तर पलीकडच्या बांधावर ती बाई फडकं बांधलेली काठी घेऊन का उभी होती?"

"कसली काठी?"

मी काठी टेबलावर ठेवली. ती बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती स्वतःशीच बोलल्यागत म्हणाली, "परत मानूस उभा केला यांनी."

मग तिचा बांध फुटला. त्या दिवशी ती शेतावर नव्हतीच. सासूचे पाय सुजले होते म्हणून तिला घेऊन खालापूरला दवाखान्यात गेली होती. केसपेपरवर तारीख आणि वेळ असणार, हे तिला ठाऊक होतं. आम्ही ते शोधू, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"साहेब, माझंच नाव राहू द्या," ती हात जोडून म्हणाली. "सर्टिफिकेटवाल्यानं उडवलं तरच इमा मिळतो. तिची दोन पोरं हायेत. यांचं नाव आलं तर त्यांना कायबी नाय मिळायचं. मला किती वर्सं आत टाकायचं ते टाका."

नवऱ्याला वाचवायला ती खोटं बोलत होती, यात शंका नाही. पण त्या पोरांसाठीही बोलत होती, आणि या दोन गोष्टी मला आजतागायत एकमेकींपासून वेगळ्या करता आलेल्या नाहीत. हवालदार बाईंचं पेन थांबलं होतं. "साहेब, काय लिहू?" त्यांनी विचारलं. वीस-बावीस वर्षांच्या अनुभवी बाई, त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खरं ते लिहा." तेवढं म्हणायलाही मला वेळ लागला.

दवाखान्यातून केसपेपर आला. तो नवऱ्यापुढे ठेवला, तेव्हा तोवर ताठ्यात बोलणाऱ्या त्या माणसाची सगळी घमेंड उतरली.

"दहावी नाय ना साहेब माझी," तो म्हणाला. "पयला मी पंपानं फवारायचो. पाइप लांब, म्हनून पलीकडं फडकं घेऊन मानूस उभा करायचो. भातावर फडकं दिसलं की कडा कळायची. तीच सवय."

"आणि बांधानं चालून खुणा करायची पद्धत?"

"अर्धा तास जातो त्यात."

"त्या बाईला काय सांगितलं होतंस?"

"मी सांगंन तवाच हाल, म्हनलं. मधीच हालली तर अंदाज चुकतो." मग म्हणाला, "ड्रोन खाली आलं. मी वरडलो, पन त्या आवाजात तिला ऐकू नाय गेलं. नाय हालली ती."

मृत्यूचं कारण लपवून विळ्याची गोष्ट रचणारा हा माणूस. मला त्याची विलक्षण चीड आली होती आणि मी त्याच्यावर खेकसलो, की प्रमाणपत्र नसताना यंत्राला हात लावलासच कसा? त्याने चक्क आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यासमोरच उडवलं व्हतं की, साहेब. पंचायतीच्या कार्यक्रमात. तिचा सत्कार झाला आनि मग उडवून दाखवलं मी. तुमी पन टाळ्या वाजवल्या."

खरं होतं ते. मी पहिल्या रांगेत होतो. बायकोच्या गळ्यात हार आणि रिमोट नवऱ्याच्या हातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले पाहायची आपल्याला सवय असते. तसंच ते वाटलं. त्या दिवशी एक प्रश्न विचारायला माझं काय जात होतं? हा दोष माझा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

नवऱ्याला अटक झाली, पुढे जामीनही झाला. खटला अजून चालू आहे. बायकोचं प्रमाणपत्र निलंबित झालं. त्या पंचक्रोशीत नियमाने ड्रोन उडवणारी तेवढी एकच होती. आणि विमा कंपनीने कळवलं, की उड्डाण प्रमाणपत्रधारकाने केलेलं नसल्याने दावा नामंजूर.

हे सांगायला हवालदाराला पाठवता आलं असतं. मी स्वतः वाडीवर गेलो. मयत बाईचा नवरा अंगणात बांबू सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने कोयता खाली ठेवला.

"म्हंजे ती बाई खोटं बोलली असती, तर पोरांना मिळालं असतं?"

"हो."

"आनि तुमी खरं लिवलं."

"हो."

सोललेल्या कामट्या तो गोळा करू लागला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "तुमचं काम हाय ते," तो म्हणाला. मग घराच्या दाराकडे बघत बोलला, "आमची कुनाचं काम मोडायची नाय, साहेब. उभी ऱ्हा म्हनलं, उभी ऱ्हायली."

खरं लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर तेच लिहीन. पण खरं लिहून कागद पुढे पाठवला की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या अंगणात उभा राहिल्यावर ते मानता येईना. त्या खऱ्याची किंमत मी भरली नव्हती, ड्रोनवाल्यानेही पुरती भरली नव्हती. ती भरली त्या दोन पोरांनी. वाडीवर मी पुन्हा कधी गेलो नाही. जायला हवं होतं.