माफीचं सर्टिफिकेट

"कान पकड."

साहेब दारात उभा होता. मी दाराच्या बाहेर, चपलांच्या रॅकपाशी. पाठीवर कंपनीची बॅग, हातात त्याचंच पार्सल. आत हॉलमध्ये फुगे लावले होते. दहा-पंधरा पाहुणे. सगळ्याईचे डोळे माह्यावर.

"पकड ना. काल फोनवर फार आवाज होता तुझा."

मी सव्वीस वर्षांची बाई. बारावी पास. जिवतीच्या पहाडावरच्या गोंडी गुड्यातली, म्हणजे पाड्यातली. तीन वर्षं झाली, कोरपन्याच्या हबमधून, म्हणजे कंपनीच्या गोदामातून, स्कुटीवर पार्सल पोचवते. ऊन असो, चिखल असो, अस्वल आडवं येवो. कोणाचं पार्सल हरवलं नाई, फोडलं नाई, ओलं होऊ देल्लं नाई.

साहेबाच्या हातातला मोबाईल स्पीकरवर होता. त्यातून आमच्या हबच्या इन्चार्जचा आवाज येत होता.

"बाई, म्हणून टाक सॉरी. विषय संपव. पुऱ्या हबची रेटिंग जाईन."

एका पाहुण्या बाईनं मोबाईल वर धरला. शूटिंग सुरू झाली.

मी पार्सल खाली ठेवलं. दोन्ही हातांनी कान पकडले.

"सॉरी साहेब."

"मोठ्यानं. आणि पुन्हा 'तू' म्हणणार नाही, असं म्हण."

"पुन्हा तू नाई म्हणणार."

आतून कोणीतरी हसलं. जिचा वाढदिवस होता ते लहान पोरगी आईच्या मागं लपली. तेवढी एकटीच नाई हसली.

साहेबानं पार्सल हातानं उचललं नाई. पायानं आत सरकवलं. अन् दार लावता लावता बायकोले म्हणाला, "ॲपवर आडनाव पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं."

दार बंद.

काय केलं होतं मी? सांगते.

आदल्या दिवशीची गोष्ट. साहेब सिमेंट फॅक्टरीच्या कॉलनीत राह्यतो. पार्सलवर घर नंबर लिहिला होता सतरा. मी सतरा नंबरले गेली. कुलूप. फोन लावला. उचलला नाई. पुन्हा लावला. गेटवरच्या वॉचमनले नाव दाखवलं तर तो म्हणे, "हे साहेब तर एक्काहत्तरले राह्यतात. नंबर उलटा टाकला वाटते त्याईनं."

"मंग तिथी नेऊन देतो ना भाऊ."

"साहेबाचा फोन आल्याबिगर तिकडे, ऑफिसरच्या बंगल्याईकडे, नाई सोडता येत. माही नोकरी जाईन."

त्याचंही खरं होतं. मी गेटवर उभी राहून फोन लावत राह्यली. आधीचे धरून सहा वेळा. ॲपवर मेसेज टाकला, 'घर नंबर चुकला आहे, गेटवर आहे, फोन करा.' मेसेज पोचला. वाचला, तशी खूणही आली. उत्तर नाई. पाऊण तास झाला. माह्याजवळ पहाडावरचे बारा पार्सल बाकी होते. त्यात एका म्हाताऱ्याचं बीपीचं औषध होतं. मी निघाली.

पहाडावर रेंज असते तर असते, नसते तर नसते. एका वळणावर फोन वाजला. साहेब. गाडी बाजूले लावली.

"कुठे आहेस तू? तुला काही अक्कल आहे का? उद्या माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. तिचा ड्रेस आहे त्यात."

मी म्हणलं, "भाऊ, तू नंबर उलटा टाकला. मी सहा डाव फोन केला, तू उचलला नाई. मी काय करू सांग?"

तिकडून आवाज तुटत होता. "तू? तू कोणाला... भाऊ कोणाला..." अन् रेंज गेली. फोन कटला.

बस. एवढंच.

आमच्या पहाडात 'तू' म्हणजे अपमान नाई. मी बापाले तू म्हणते. शाळेतल्या मास्तरले तू म्हणत होती, तो हसत होता. भाऊ तर आमी मानानंच म्हणतो. शहरात तीन वर्षं फिरून मी 'तुमी' शिकली होती, पण चढावर, उन्हात, घाई असली का जिभेवर घरचंच येते. साहेबानं तक्रार टाकली. चुकीच्या पत्त्यावर गेली, उद्धट बोलली, फोन कापला. एक स्टार.

तो मले पहिल्या शब्दापासून तू म्हणत होता. अक्कल काढत होता. त्याची तक्रार कुठी करू? ॲपमध्ये मी पाह्यलं. लय शोधलं. गिऱ्हाईकाले आमाले स्टार द्याले बटन हाये. आमच्यासाठी तसं बटनच नाई.

दुसऱ्या दिवशी माही सुट्टी होती. इन्चार्जनं बोलावलं. तो वाईट माणूस नाई. त्याच्यावरही वरून दबाव असते. म्हणे, "ड्रेस देऊन ये, अन् तोंडानं सॉरी म्हणून ये. दोन मिनिटाचं काम हाये." मी कॉल दाखवाले मोबाईल काढला. तो म्हणे, "राहू दे, मले मालूम हाये. पण कस्टमरशी वाद नाई."

म्हणजे त्याले मालूम होतं.

कॉलनीतून निघाली ते थेट रस्त्याच्या कडेले थांबली. कापसाच्या वावरापाशी. रडू नाई आलं. कान गरम होते, जसे कोणी पिळले असावे. पिळणारी तर मीच होती. तेच लय खटकत होतं. दुसऱ्यानं थापड मारली असती तर मी त्याले शिव्या देल्ल्या असत्या. इथी तर माह्याच हातानं झालं होतं.

मी ठरवलं, कोणाले सांगायचं नाई. झालं गेलं.

पण तो व्हिडिओ फिरला. पाहुण्या बाईनं साहेबाले धाडला, साहेबानं इन्चार्जले, इन्चार्जनं आमच्या ग्रुपमध्ये टाकला. खाली लिहिलं, 'कस्टमर खुश. विषय क्लोज.' कोणी अंगठा दाखवला. कोणी हसरे तोंडं टाकले. चौथ्या दिवशी तो पहाडावर पोचला. आमच्या गुड्यात दोनच ठिकाणी रेंज येते, तरी पोचला.

मी संध्याकाळी घरी गेली तर माय चुलीपाशी बसली होती. मायले लिहिता-वाचता येत नाई. मोबाईल हातात धरत नाई. कोणाच्या तरी मोबाईलवर तिनं पाह्यलं होतं. माह्याकडे न पाहता तिनं इचारलं,

"तू काही चोरलं होतं?"

"नाई."

"कोणाले मारलं?"

"नाई वं माय."

"मंग कान काऊन पकडले?"

मी सांगाले लागली. रेटिंग, स्टार, हब, इन्चार्ज. मायनं सगळं आयकलं. स्टार म्हणजे काय ते तिले समजलं नाई. मी समजावून सांगतलं. सांगता सांगता मलेच ते खोटं वाटाले लागलं. तिनं पुन्हा तेच इचारलं.

"पण कान काऊन पकडले?"

मी सव्वीस वर्षं जगली, बारावी शिकली, गाडी चालवते, इंग्रजीत पत्ते वाचते. अन् माह्या अंगठाछाप मायच्या एका सवालापाशी मी अडकली. मी भेली होती, हेच उत्तर. ते तोंडातून निघालं नाई.

मायनं भाकर देल्ली. मी खाल्ली नाई.

तीन आठवड्यानं चंद्रपूरले ट्रेनिंग होतं. सगळ्या हबचे ड्रायव्हर बोलावले. मूल गावचे, आलापल्लीचे, आमी कोरपन्याचे. मोठा हॉल. एसी. समोर पडदा. वरच्या ऑफिसातून एक साहेब आला होता, गळ्यात ओळखपत्र, बोलणं एकदम गोड. तो म्हणे, "तक्रार म्हणजे संकट नाही, संधी आहे. नाराज ग्राहक कसा जिंकायचा, याचं एक सुंदर उदाहरण आपल्याच एका भगिनीनं घालून दिलंय."

अन् पडद्यावर मी आली.

भिंतीएवढी. चपलांच्या रॅकपाशी उभी. कान पकडलेली. माहा आवाज पूर्ण हॉलमध्ये घुमला. 'पुन्हा तू नाई म्हणणार.'

टाळ्या पडल्या.

मले पयले समजलं नाई का लोक टाळ्या कायले वाजवून राह्यले. मंग दिसलं, तो साहेब हात पुढं करून मले मंचावर बोलावत होता. त्याच्या हातात चौकट केलेला कागद होता. सोनेरी अक्षरं. 'उत्कृष्ट ग्राहक सेवा.' खाली माहं नाव, माहं आडनाव.

त्याच आडनावासाठी कॉलनीतल्या साहेबानं पायानं पार्सल सरकवलं होतं. अन् ह्याईनं ते सोनेरी केलं.

मी उठली. मंचावर गेली. फोटोवाला समोर आला. ऑफिसवाला साहेब म्हणे, "हसा मॅडम."

मी कागद घेतला नाई. माईककडे हात केला. त्याले वाटलं आभार मानाचे असतीन. त्यानं माईक देल्ला.

"माही बाजू मले कोणी इचारली नाई," मी म्हणलं. "इथी सांगते. पार्सलवर घर नंबर सतरा होता. साहेब राह्यतो एक्काहत्तरले. मी सहा फोन केले. हे पाहा." मी मोबाईल काढला अन् एक-एक कॉलची वेळ वाचली. सगळ्या सहा. "मेसेज टाकला. त्यानं वाचला. पहाडावर रेंज गेली, मी फोन कापला नाई. माही चूक एकच. मी त्याले तू म्हणलं. तो मले तूच म्हणत होता."

मी मोबाईल खाली केला.

"हा व्हिडिओ काढताना मले कोणी इचारलं नाई. ग्रुपमध्ये टाकताना नाई इचारलं. आज भिंतीवर लावताना नाई इचारलं. अन् तुमी टाळ्या वाजवल्या."

ऑफिसवाला साहेब अजूनही हसतच होता, पण ते हसू तोंडावर तसंच राह्यून गेलं होतं. "मॅडम, भावना समजू शकतो. पण हे त्याचं व्यासपीठ नाही."

"मंग कोणतं हाये? ते सांगा. मी तिथी जाते."

त्यानं माईक घ्याले हात पुढं केला.

"मी माफी मागतली नव्हती," मी म्हणलं. "माह्याकडून मागवून घेतली होती. त्याचं सर्टिफिकेट मले नाई पायजे."

मी माईक टेबलावर ठेवला अन् खाली उतरली. खोटं सांगणार नाई, सगळे उठून माह्यामागं आले असं काही झालं नाई. बहुतेक मुंड्या खाली घालून बसले. आमचा इन्चार्ज खिडकीबाहेर पाहत होता. फक्त मूलचा रहीमभाई, बारा वर्षांपासून टेम्पो चालवणारा पिकलेल्या दाढीचा माणूस, आपल्या जाग्यावर उभा राह्यला.

"बेटी सच बोल रही है," तो म्हणे. "मले तर एका दुकानदारानं पार्सल उशिरा आलं म्हणून दोन तास उन्हात उभं ठेवलं होतं. मी घरी बी नाई सांगतलं." एवढं बोलून तो बसला.

संध्याकाळी बसमध्ये बसली अन् ॲप उघडलं. आयडी बंद. म्हणजे काम बंद.

अकरा दिवस मी घरी होती. पयले दोन दिवस भेव वाटलं. दुसरी नोकरी कुठी भेटन, आता कोण ठेवन, सगळं डोक्यात आलं. मंग भेव कमी झालं. मी मायसंगं वावरात गेली. एकदा माय फक्त म्हणाली, "आता जेवते तू बरोबर."

बाराव्या दिवशी इन्चार्जचा फोन आला. पहाडावरचे पार्सल तुंबले होते. त्यानं दुसऱ्या दोघाईले पाठवून पाह्यलं, एक रस्ता चुकला, दुसरा अर्ध्यातून परत आला. आमच्या गुड्याईचे पत्ते नकाशात नाईत. ते लोकाईच्या नावानं असतात, झाडाच्या, नाल्याच्या नावानं. ते मले मालूम हायेत.

मी हबले गेली. त्यानं टेबलावर कागद सरकवला. टाईप केलेला. 'प्रशिक्षणात मी केलेल्या बेशिस्त वर्तनाबद्दल दिलगीर आहे.' खाली सहीची जागा.

"फॉर्मॅलिटी हाये," तो म्हणे. "सही कर, आयडी आत्ता चालू होते."

"तुमाले मालूम होतं ना भाऊ? त्या दिवशीच मालूम होतं, का चूक साहेबाची हाये."

तो हळूच म्हणे, "होतं."

"मंग ते लिहा यात."

"मले नाई लिहिता येत ते. माहीही नोकरी हाये बाई."

मी पेन घेतला. कागद उलटा केला. मागं कोरा होता. मी सगळं लिहिलं. उलटा नंबर, सहा फोन, वाचलेला मेसेज, गेलेली रेंज, न इचारता काढलेला व्हिडिओ, आडनावाचं बोलणं. शुद्ध नाई लिहिलं, जसं बोलते तसं लिहिलं. कागद भरला. खाली सही केली. टाईप केलेल्या बाजूनं नाई. माह्या बाजूनं. अन् मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

"हे वर पाठवा," मी म्हणलं. "मागचं टाईप केलेलं पाठवाल तर हेही जाईन. कागद एकच हाये."

त्यानं पाठवला का नाई, मले मालूम नाई. तीन दिवसानं आयडी चालू झाला. व्हिडिओ ग्रुपमधून निघाला. माफी कोणी मागतली नाई. साहेबाचे पार्सल अजून येतात, कधी माह्याच बॅगमध्ये येतात. मी पोचवते. कामाले मी नाई म्हणत नाई.

आता आमच्या हबमध्ये कोणावर तक्रार आली का तो पयले माह्याकडे येते. ज्याले लिहिता येत नाई त्याचं मी लिहून देते, त्याच्याच बोलीत. कंपनीले हे आवडत नाई. इन्चार्जनं दोनदा सांगतलं, बंद कर म्हणून. मी बंद केलं नाई, करणारही नाई. आयडी पुन्हा बंद करान तर करा. पहाडातल्या वाटा काही तुमच्या ॲपमध्ये नाईत. माही बाजू लिहिल्याबिगर माही सही कोणाले भेटणार नाई. दारात नाई, हॉलमध्ये नाई, टेबलावर नाई.