बाकावरचे आमदार

आमच्या आमदारांनी विधानसभेत भांडून तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या आजारांचा डॉक्टर आणला, पण लाजेपायी त्याच्या दारात कुणी जाईना. म्हणून दर मंगळवारी ते स्वतःच त्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. आम्हाला वाटलं, साहेब आयते सापडले. घरपट्टीचे कागद घेऊन आम्ही रांग लावली. ते निमूट ऐकायचे, सही करायचे आणि प्रत्येकाला हळूच विचारायचे, "आन काय?"

माझ्या वाढीव घरपट्टीच्या अर्जावरही त्यांनी शिफारस लिहिली. कागद देताना माझा हात मात्र सोडला नाही. "आन काय, तात्या?"

तिकडं आमच्या गावी, वरकुट्यात, माझा धाकटा भाऊ महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडला होता. डॉक्टरचं दार चार पावलांवर होतं.

"न्हाय साहेब," मी हात सोडवून घेतला, "एवढंच हाय."